‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा? अलंकार ओळखण्याची आणि वापरण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीला शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गात मुलांना पंधरा-वीस अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. पुस्तकातली उदाहरणं ती बरोबर ओळखतात, पण वाक्य नवं आलं की अडतात. ‘सारखा’ दिसलं की उपमा, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, एवढ्यावर काम चालतं. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण लिहिताना यातलं काहीच हाताशी येत नाही. मुलं कन्नडही शिकतात, तिथेही हेच अलंकार थोड्या वेगळ्या शब्दांत भेटतात. सुरुवात कुठून करावी?

बाई, सुरुवात व्याख्येपासून करू नका, खुणेच्या शब्दापासून तर मुळीच नको. दोन गोष्टी समोर ठेवा आणि मुलांना एकच विचारा: बोलणारा या दोघींचं नातं कसं लावतो आहे? वेगळ्या आहेत पण सारख्या आहेत, असं म्हणतो? एकच आहेत म्हणतो? एकच असाव्यात असं त्याला वाटतं? की कोणती कोण हेच त्याला कळत नाही? साम्यावर उभे असलेले सगळे अलंकार या उत्तरावरून ठरतात. शब्द फार तर सुगावा देतो, निकाल देत नाही.

खुणेच्या शब्दाचा हा घोटाळा फार जुना आहे. संस्कृतात ‘इव’ हा एकच शब्द उपमेतही येतो आणि उत्प्रेक्षेतही. सातव्या-आठव्या शतकातल्या दंडीनं ‘काव्यादर्शा’त यावर थांबून चर्चा केली आहे. ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’, म्हणजे अंधार जणू अंगाला माखतो आहे, आकाश जणू काजळ बरसतं आहे. ‘इव’ आहे म्हणून काही जण याला उपमा म्हणत. दंडीचं म्हणणं, तुलना करायला दुसरी वस्तू तर हवी ना? ‘माखतो’ ही क्रिया आहे, ती उपमान होऊ शकत नाही. इथे कवीनं अंधारावर एक क्रिया कल्पनेनं लादली आहे, म्हणून ही उत्प्रेक्षा. तुमच्या वर्गात हीच कसोटी वापरा. ‘जणू’च्या पुढे नुसती वस्तू आली की थांबून दोन्ही शक्यता तपासायच्या. कल्पनेत घडणारी एखादी गोष्ट आली, तर बहुतेक वेळा उत्प्रेक्षाच.

उलट बाजूही आहे. उपमेच्या खुणा म्हणून मुलं सारखा, जसा, सम, समान, तुल्य, परी एवढे पाठ करतात. आपल्याकडच्या बोलण्यात मात्र ‘गत’ आणि ‘वाणी’ जास्त चालतात. ‘काय येड्यागत करायलास!’ यात उपमाच आहे, पण यादीत ‘गत’ नाही म्हणून ती मुलांना दिसत नाही. पहिले दोन आठवडे फक्त उपमा घ्या, आणि उदाहरणं घरातून, बसमधून, बाजारातून आणायला सांगा. प्रत्येकानं वीस वाक्यं आणावीत. प्रत्येक वाक्याखाली चार रकाने: उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट), उपमान (जिच्याशी करायची ती), साधारण धर्म (दोघींतला सारखा गुण), साम्यवाचक शब्द. चारही भरले तर पूर्णोपमा, एखादा रिकामा राहिला तर लुप्तोपमा. ‘येड्यागत करायलास’ या वाक्यात उपमेय ‘तू’ असतं, पण बोललं जात नाही. तो रकाना मुलांनी मनानं भरायला शिकलं पाहिजे, कारण पुढचे सगळे अलंकार याच रकान्यांच्या हलवाहलवीतून येतात.

आता मुख्य सराव. एकच जोडी घ्यायची आणि तिलाच फिरवत राहायचं. आपल्या भागातली एक जोडी घेऊ: जुलैतलं घटप्रभा नदीचं गढूळ, तांबूस पाणी हे उपमेय, आणि गुऱ्हाळातली काकवी हे उपमान.

‘गोकाकला घटप्रभेचं पाणी काकवीसारखं तांबूस दिसतं.’ उपमा. दोन्ही वस्तू आपापल्या जागी आहेत, मध्ये साम्याचा पूल.

‘काकवी कशी दिसते? जुलैतल्या घटप्रभेच्या पाण्यासारखी.’ बाजू उलटल्या, उपमानाला उपमेय केलं. हे प्रतीप.

‘काकवी निवली की घट्ट होऊन थांबते, घटप्रभा थांबत नाही.’ साम्य धरून ठेवून उपमेय एका बाबतीत वरचढ दाखवलं. व्यतिरेक.

‘गोकाकचा धबधबा गोकाकच्या धबधब्यासारखाच.’ दुसरी वस्तूच सापडत नाही. अनन्वय.

‘हे पाणी म्हणावं की काकवी?’ मन दोन्हीकडे झुलतं आहे. ससंदेह.

‘जणू कुणी कड्यावर काहील कलती केली आहे.’ काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. ती कुणी कलती केलेली नाही हे बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे, तरी तो तसं कल्पितो. उत्प्रेक्षा.

‘घटप्रभेचं पाणी ही काकवीच.’ दोन्ही आहेत, पण एकरूप. रूपक.

‘हे पाणी नव्हे, काकवी आहे.’ उपमेय नाकारून उपमान बसवलं. अपन्हुती.

‘काकवी समजून मुंगळ्यांची रांग काठाकडे वळली.’ मुंगळ्यांना खरंच तसं वाटलं. भ्रांतिमान.

‘गोकाकच्या कड्यावरून आज काकवी कोसळते आहे.’ पाण्याचं नावच नाही, उपमानानं उपमेय गिळून टाकलं. संस्कृत शास्त्रात ही अतिशयोक्तीची पहिली जात.

फळ्यावर ही वाक्यं एकाखाली एक लिहिली की दोन वस्तू हळूहळू एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी एक नाहीशी होते, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. मग प्रत्येक मुलानं स्वतःची जोडी घ्यावी: राजहंसगड, उसाचा फड, निपाणीच्या वाटेवरची तंबाखूची शेतं, काहीही. एका जोडीवर निदान सहा वाक्यं. चाळीस मिनिटांच्या तासात दहा मिनिटं जोडी ठरवायला, वीस लिहायला, दहा शेजाऱ्याची वही तपासायला.

या सरावात तीन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं, जोडीच कच्ची असते. साम्याचा एकही ठोस गुण सांगता येत नसेल, तर ती जोडी सहा वाक्यं टिकत नाही, लगेच बदलावी. दुसरं, अपन्हुतीत मुलं ‘हे पाणी नाही’ एवढंच लिहितात. नुसता नकार म्हणजे अलंकार नव्हे. नाकारलेल्याच्या जागी उपमान बसलं पाहिजे. तिसरी चूक सगळ्यांत सूक्ष्म. भ्रांतिमान लिहिताना ‘मला काकवी वाटली’ असं लिहितात. बोलणाऱ्याला आपण चुकलो हे ठाऊक असेल, तर भ्रम उरतच नाही, वाक्य ससंदेहाकडे किंवा उत्प्रेक्षेकडे सरकतं. भ्रम ज्याला झाला तो त्या क्षणी निःशंक हवा, म्हणून मुंगळे.

अतिशयोक्तीबद्दल एक सूचना. आपल्या शालेय व्याकरणात अतिशयोक्ती म्हणजे एखादी गोष्ट आहे त्याहून फुगवून सांगणं. गोकाकचं पाणी सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडतं, ही माहिती. ‘पाणी असं आदळलं की पाताळाला भोक पडलं’, ही शाळेची अतिशयोक्ती. उपमेय गिळणारी अतिशयोक्ती दहावीच्या पुस्तकात सहसा नसते. मुलांना ती समजू द्या, पण उत्तरपत्रिकेत पुस्तकातलीच व्याख्या लिहायला सांगा. तीच गोष्ट चेतनगुणोक्तीची, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागताना दाखवण्याची. मराठी व्याकरणकारांनी तिला स्वतंत्र जागा दिली. संस्कृतात तिचा बराचसा भाग समासोक्तीत जातो. दोन्ही बरोबर आहेत, परीक्षा कोणती एवढंच बघायचं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे शब्दालंकार आणि अर्थालंकार यांतला फरक. इथे सीमाभागातल्या मुलांच्या हाती असं साधन आहे, जे पुण्या-साताऱ्याच्या मुलांकडे नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त कसोटी दिली आहे: शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा ठेवा. अलंकार टिकला तर तो अर्थाचा, मोडला तर शब्दाचा. मराठीत पर्यायी शब्द सुचेपर्यंत मुलं अडखळतात. त्याऐवजी वाक्य सरळ कन्नडमध्ये सांगायला लावा. ‘घटप्रभेय नीरु काकंबियंते केंपगिदे.’ उपमा जशीच्या तशी राहिली, म्हणजे अर्थालंकार. आता हे घ्या: ‘त्याला वाटलं म्हणून त्यानं सगळं वाटलं.’ पहिलं वाटणं मनातलं, दुसरं वाटून टाकणं. तेच अक्षरगट पुन्हा आले आणि अर्थ बदलला, म्हणून हे खरं यमक. कन्नडमध्ये पहिल्यासाठी ‘अनिसु’ येतं, दुसऱ्यासाठी ‘हंचु’. यमक गेलं, म्हणून शब्दालंकार.

या कसोटीला एक फसवा कोपरा आहे, तो आधीच दाखवून ठेवा. ‘मित्राच्या उदयानं कुणाला आनंद होत नाही?’ हे श्लेषाचं ठरलेलं उदाहरण, मित्र म्हणजे सखा आणि सूर्यही. कन्नडमध्येही ‘मित्र’ चालतो, त्यामुळे श्लेष टिकल्यासारखा वाटतो आणि मूल ‘अर्थालंकार’ म्हणून मोकळं होतं. टिकला कारण भाषांतरात शब्द बदललाच नाही, संस्कृतातला तोच शब्द दोन्हीकडे आला. म्हणून असा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम, शब्द काढून त्याच्या जागी तत्सम नसलेला शब्द घ्यायला सांगा. कन्नडमध्ये ‘गेळेय’ ठेवा, मराठीत ‘दोस्त’ ठेवा. सूर्य लगेच मावळतो आणि श्लेष शब्दाचा होता हे कळतं. यमक आणि श्लेष यांत मुलं गोंधळली तर एकच विचारा: शब्द किती वेळा आला? दोनदा येऊन दोन अर्थ, यमक. एकदाच येऊन दोन अर्थ, श्लेष.

मराठी शाळेत ‘यमक’ हा शब्द ढिला वापरला जातो, हेही सांगायला हवं. ओळींच्या शेवटी जुळणारी अक्षरं आली की आपण यमक म्हणतो. काटेकोर शास्त्रात ते अंत्यानुप्रास. उखाण्यांमध्ये जवळजवळ सगळीकडे हाच असतो. उखाणे जमवायला सांगा, मुली आनंदानं आणतात, आणि त्यांतला एखादा खऱ्या यमकाचा निघाला तर वर्गात वेगळा वाचून दाखवा.

कन्नडच्या तासाला मुलांना आणखी एक वेगळी गोष्ट दिसते, ती मराठीच्या तासाला कुणी समजावून देत नाही. जुन्या कन्नड पद्यात जुळणी ओळीच्या शेवटी नसते, प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षराची असते. त्याला तिथे प्रास म्हणतात. त्या आधीचं पहिलं अक्षर लघू असेल तर सगळीकडे लघू, गुरू असेल तर सगळीकडे गुरू. मराठी कान ओळीचा शेवट ऐकतो, म्हणून मुलांना कन्नड पद्यात ‘काहीच जुळत नाही’ असं वाटतं. मराठीतच करून दाखवा:

माळावरती ऊन उतरले
काळा पडदा दूर सरकला

शेवट जुळलेला नाही, पण दोन्हीकडे दुसरं अक्षर ‘ळ’चं आणि त्याआधीचं अक्षर गुरू. एवढं ऐकवलं की मुलं कन्नड पद्य वेगळ्या कानानं वाचू लागतात.

हे शास्त्र कन्नडमध्ये बाहेरून आलेलं नवं काही आहे, असंही मुलांना वाटू नये. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात तयार झालेला ‘कविराजमार्ग’ हा आज उपलब्ध असलेला कन्नडमधला सर्वांत जुना ग्रंथ, आणि तो अलंकारशास्त्राचा आहे. दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा त्याला मोठा आधार आहे. अस्सल कन्नडचा प्रदेश सांगताना त्यात ज्या गावांची नावं येतात, त्यांतलं ओक्कुंद आजच्या बेळगाव जिल्ह्यातलं, बैलहोंगलकडचं. तुमच्या वर्गापासून ते फार लांब नाही. म्हणजे उपमा-रूपकाची चर्चा या मातीत अकराशे वर्षांहून जुनी आहे, आणि दोन्ही भाषांच्या मुलांचा तिच्यावर सारखाच हक्क आहे. व्यवहारात एक करा: कन्नडच्या शिक्षकांबरोबर बसून एकच तक्ता बनवा. उपमेय, उपमान दोन्हीकडे तेच. आपला ‘साधारण धर्म’ तिथे ‘समानधर्म’, आपला ‘साम्यवाचक शब्द’ तिथे ‘वाचकपद’, आपलं ‘सारखा’ तिथे ‘अंते’ किंवा ‘हागे’. कन्नडमध्ये अनुप्रासाचे छेक आणि वृत्ती असे भाग शिकवतात, आपल्याकडे दहावीपर्यंत सहसा नाही. छेकात व्यंजनांचा गट एकदाच पुन्हा येतो, वृत्तीत एखाद-दोन व्यंजनं पुन्हा पुन्हा येतात, एवढं तक्त्यात टिपलं की पुरे.

आता परीक्षेत सर्वांत जास्त गुण घालवणारी जोडी: दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास. दोन्हींत दोन वाक्यं शेजारी असतात, दोन्हींत ‘सारखा’ नसतो. फरक पातळीचा आहे.

‘एका तासाला दहा अलंकार कोंबले की एकही लक्षात राहत नाही. भाताची लावण दाट झाली की लोंबी भरत नाही.’ दोन्ही विधानं एकाच उंचीवर आहेत. एकातलं जे काही आहे त्याचं प्रतिबिंब दुसऱ्यात आहे: दहा अलंकार आणि दाट लावण, लक्षात न राहणं आणि लोंबी न भरणं. हा दृष्टान्त.

‘उन्हाळ्यात मार्कंडेयचं पाणी आटलं तशी काठावरची बगळ्यांची गर्दी पांगली. पडत्या काळात सगळेच पाठ फिरवतात.’ पहिलं विधान एका नदीचं, दुसरं साऱ्या जगाचं. विशेषाला सामान्याचा आधार दिला. हा अर्थान्तरन्यास. क्रम उलटा असला, आधी सामान्य सत्य आणि मग एखादी घटना, तरी अर्थान्तरन्यासच.

ओळखायला मधल्या जागेत शब्द घालून पाहायचा. ‘तसंच’ बसलं तर दृष्टान्ताकडे कल, ‘म्हणतातच ना’ बसलं तर अर्थान्तरन्यासाकडे. हाही सुगावाच. खात्री करायला दुसऱ्या वाक्यात नावगाव असलेली वस्तू आहे की कुणालाही लागू पडणारं सत्य आहे, ते बघावं. वरच्या वाक्यातल्या ‘तशी’नं फसू नका. ते पाणी आटण्याची आणि बगळे पांगण्याची वेळ जोडतं, दोन विधानांची तुलना करत नाही.

असंगतीतही मुलं एका गोष्टीला बळी पडतात. कारण एका ठिकाणी आणि परिणाम दुसरीकडे, अशी व्याख्या पाठ केल्यावर ती लिहितात: ‘पाऊस कणकुंबीला पडतो आणि पूर रामदुर्गाला येतो.’ हा भूगोल झाला. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते आणि खाली रामदुर्गाकडे जाते, त्यात आश्चर्य काहीच नाही. असंगतीत कारण आणि परिणाम एकाच ठिकाणी असायला हवे होते, तरी ते फुटलेले दिसले पाहिजेत: ‘ओझं आईच्या डोक्यावर, मान वाकली लेकीची.’ वाचताना क्षणभर अडखळायला हवं. विरोधाभासातही तसंच, फक्त तिथे अडखळल्यावर विरोध मिटतो. ‘आम्ही सीमेवर राहतो आणि मध्यभागीही राहतो.’ सीमा राज्याची, मध्य दोन भाषांचा, एवढं लक्षात आलं की विरोध संपतो. ज्यात विरोध मिटत नाही ते वाक्य नुसतं चुकीचं असतं.

स्वभावोक्ती सोपी समजून सोडून देतात, पण लिहायला तीच सर्वांत अवघड. दंडीनं तिला पहिला अलंकार म्हटलं, ‘वक्रोक्तिजीविता’च्या कुंतकानं तिला अलंकार मानायलाच नकार दिला, कारण वस्तूचा स्वभाव हीच सजवायची गोष्ट, ती स्वतःच दागिना कशी होणार? शिकणाऱ्याला मात्र तिचा फार उपयोग आहे, कारण ती डोळे उघडायला लावते. ‘बैल पाण्यावर आला. आधी नाक टेकवून एक फुंकर घातली, तरंग विरेपर्यंत थांबला, मग ओठ जेमतेम बुडवून संथ ओढत राहिला. एक कान पुढे, एक मागे.’ यात एकही उपमा नाही, ‘सुंदर’, ‘ऐटबाज’ असलं एकही विशेषण नाही. आठवड्यातून एकदा मुलांना असं पाच ओळींचं लिहायला लावा आणि ‘सारखा’ व ‘जणू’ यांना बंदी घाला. ज्यांना नीट पाहता येत नाही त्यांच्या उपमा नेहमी चंद्र, कमळ आणि मोती एवढ्यातच फिरतात.

उपमेच्या दोषांवर एक तास जरूर द्या. भामह या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारानं मेधावी नावाच्या आचार्याच्या हवाल्यानं सात दोष नोंदले आहेत: हीनता, असंभव, लिंगभेद, वचनभेद, विपर्यय, उपमानाचं आधिक्य आणि असादृश्य. यातला लिंगभेद आपल्या भागात खास जपावा लागतो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, मराठीत रस्ता तो, वाट ती, शेत ते. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. ‘रस्ता नागिणीसारखा काळा’ या वाक्यात ‘काळा’ रस्त्याला लागतो, नागिणीला लावायला ‘काळी’ हवं. ‘रस्ता नागासारखा काळा’ किंवा ‘वाट नागिणीसारखी काळी’ केलं की ओळ सरळ होते. ‘गोड’, ‘लाल’, ‘तांबूस’, ‘खणखणीत’ असं न बदलणारं विशेषण घेतलं की प्रश्नच येत नाही. म्हणून ‘आवाज बासरीसारखा गोड’ कानाला खुपत नाही. पण याचा बाऊही करू नये. दंडीनं स्पष्ट म्हटलं आहे की जाणत्याला खटकत नसेल, तर लिंग आणि वचन वेगळं असणं एवढ्यानं उपमा दूषित होत नाही. असादृश्य आणि हीनता मात्र कधीच माफ करू नका. ‘गुरुजी वळूसारखे धिप्पाड’ असं कौतुकानं लिहिलेलं वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त झालं पाहिजे.

टिपणासाठी सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’ची पद्धत घ्या. शंभराहून अधिक अलंकार, आणि बहुतेक ठिकाणी एका अनुष्टुभाच्या पहिल्या अर्ध्यात लक्षण, दुसऱ्या अर्ध्यात उदाहरण. उपमा यत्र सादृश्यलक्ष्मीरुल्लसति द्वयोः । हंसीव कृष्ण ते कीर्तिः स्वर्गङ्गामवगाहते ॥ दोघांमधल्या साम्याचं सौंदर्य जिथे झळकतं ती उपमा, आणि लगेच: कृष्णा, तुझी कीर्ती हंसिणीसारखी स्वर्गगंगेत उतरते. सोळा अक्षरं व्याख्या, सोळा अक्षरं दाखला. मुलांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वर एका ओळीत स्वतःच्या शब्दांत लक्षण, खाली स्वतःचं उदाहरण लिहावं. मागच्या बाजूला त्याचा सर्वांत जवळचा शेजारी आणि दोघांना वेगळं करणारा एक प्रश्न. रूपकाच्या मागे: ‘शेजारी अतिशयोक्ती. उपमेय वाक्यात आहे का?’ ही मागची बाजूच खरी कामाची, पुढची बहुतेकांना आधीच येत असते. पहिले दोन आठवडे उपमा, पुढचे दोन काकवीची साखळी, पाचव्यात शब्दालंकार, सहाव्यात दृष्टान्तापासूनच्या जोड्या. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त अलंकार चारच होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. संख्या वाढवण्याची घाई नको.

भाषणासाठी हिशेब वेगळा. पाच मिनिटांच्या भाषणात साधारण पाचशे ते साडेपाचशे शब्द बसतात. त्यात ठळक अलंकार तीन पुरेत: सुरुवातीच्या भागात एक दृष्टान्त, मध्ये एक विरोधाभास, शेवटाकडे एक सार. सार म्हणजे चढती पायरी: ‘पुरात अंगण गेलं, भिंत गेली, पुस्तकं गेली, आणि आजीनं ट्रंकेत जपलेली जमिनीची कागदपत्रं गेली.’ तपासायची रीत सोपी, शेवटचे दोन टप्पे आपसात बदलून मोठ्यानं वाचा. काहीच बिघडलं नाही तर चढण लागलेलीच नाही, टप्पे नव्यानं रचा. मुलं हमखास सर्वांत जोरदार गोष्ट आधी बोलून टाकतात आणि पुढे उतरत जातात. काकूचाही, म्हणजे आवाजाच्या चढउतारानं अर्थ फिरवण्याचाही, सराव हवा. ‘मराठी शिकून पोट भरत नाही?’ या वाक्याचा अर्थ पूर्णपणे आवाजावर आहे. सपाट वाचलं तर ती खरीच शंका वाटते आणि भाषणाचं वजन उलट्या पारड्यात जातं. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या संमेलनांच्या मंडपात बोलायचं असेल, तर अनुप्रास आखूड ठेवा. कर्ण्यावर एकाच वर्णाची लांब माळ घुमते आणि शब्द एकमेकांत मिसळतात. दोन-तीन शब्दांपुरता ठीक.

कुठे थांबायचं याबद्दल आनंदवर्धनाचं ‘ध्वन्यालोका’तलं सांगणं मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत कामाचं वाटतं. अलंकार मुख्य आशयाच्या सेवेत असावा, वेळेवर घ्यावा, वेळेवर सोडावा, आणि शेवटापर्यंत निभावून नेण्याचा हट्ट धरू नये. काकवीचंच सांगरूपक, म्हणजे एकेका अंगाला रूपक लावत नेलेलं रूपक, बघा: ‘दरी ही काहील, पाणी ही काकवी, वर येणारा फेस ही मळी.’ इथे थांबलं तर चित्र पुरं आहे. यापुढे जाळ कोण, झारा कोण, गुळव्या कोण, असं शोधत गेलं की धबधबा विसरून माणूस गुऱ्हाळात अडकतो. त्याच आनंदवर्धनानं विरहाच्या वर्णनात यमक वापरणं हा बेसावधपणा म्हटलं आहे. शोकसभेच्या भाषणाला तोच नियम लावा, तिथे जुळवलेली अक्षरं दुःखाला उपरं करतात.

राहिला एक प्रश्न, तो मुलं विचारणारच: एका ओळीत दोन अलंकार दिसले तर? शास्त्रात दोन नावं आहेत. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगळे दिसतात, तसे दोन अलंकार सुटे दिसत असतील तर संसृष्टी. दूध आणि पाण्यासारखे एकात एक मुरलेले असतील तर संकर. परीक्षेत ही नावं लिहायची गरज नाही. आधी अनुप्रास बाजूला काढावा, तो बहुतेक ओळींत थोडाफार असतोच. उरलेल्यांतला जो काढला की ओळीचा अर्थच मोडतो, त्याचं नाव लिहावं आणि पुढे एका वाक्यात उपमेय-उपमान दाखवून कारण द्यावं. प्रश्नात शब्दालंकारच विचारला असेल तर हाच क्रम उलटा.